हाताशी असलेल्या फाइलची नक्कल

पांढुर्ण्यात गुणवंता खोडेला कोणी काही विचारलं, की तो आधी डोळे मिटायचा. विचार करायला नव्हे. समोरचा माणूस पुण्याचा नाही हे दुःख गिळायला त्याला तेवढा वेळ लागायचा. मग डोळे उघडून म्हणायचा, "याची एक प्रोसेस असते." पांढुर्ण्यातली माणसं बोलण्यात कोणाला हार जाणारी नाहीत, पण 'प्रोसेस' म्हटल्यावर पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचायचं नाही, आणि या न सुचण्यावर गुणवंताचा सगळा मोठेपणा उभा होता.

तसा तो जन्माचा तिगावचा. नागपूरला इंजिनिअर झाला, पुण्याला एका मोठ्या कंपनीत लागला, दहाबारा वर्षं तिथं बिघडलेले प्रोग्रॅम तपासत बसला. मग कंपनीनं ते खातंच बंद केलं आणि हा परत आला. गावात सांगितलं, "आईवडलांसाठी आलो." आईवडील तिगावला भावाकडे, आणि हा पांढुर्ण्यात भाड्याच्या घरात. महिन्यातून एकदा त्यांना फोनवर पाहायचा.

तिगावला भावाची संत्र्याची बाग होती, म्हणजे अर्धी याचीच. भाऊ पोतं भरून थेट घरी आणून टाकायला तयार होता. गुणवंताला ते चाललं नाही. त्याला निवडलेला माल पाहिजे होता. मग बागेतला संत्रा आधी पांढुर्ण्याच्या मंडीत जायचा, तिथला अडत्या त्यातून पेटी भरायचा आणि ती पेटी ऑटोत बसून घरी यायची. चांगली फळं मधल्या मध्ये कुठं जायची ते अडत्यालाच ठाऊक. गुणवंताची बायको मंगला म्हणायची, "आपल्याच वावरातला संत्रा मंडीत फिरून येते, तवा कुठं ह्यांले गोड लागते."

असा हा माणूस अमिता बोबडेच्या ऑफिसात 'सिनियर' होता. अमिता ही मंडीतले जुने अडते पुंडलिकराव बोबडे यांची मुलगी. बापाच्या गाळ्यावर दोन खोल्या चढवून तिनं संत्रा छाटायच्या मशीनचा धंदा सुरू केला होता. पट्ट्यावरून संत्रा सरकतो, वर कॅमेरा त्याचा रंग पाहतो, खाली काटा वजन घेतो, आणि लहानमोठा माल आपापल्या क्रेटमध्ये पडतो. लोखंड कुठूनतरी बनून यायचं. त्यातला प्रोग्रॅम मात्र या दोन खोल्यांत लिहिला जायचा. लिहिणारे दोघं, गुणवंता आणि सौसरचा सुमेध सहारे. तिसरी तृप्ती, ती ही मशीनं जिथं बसवली त्या शेडवाल्यांचे फोन घ्यायची.

सुमेध रोज सौसरहून बसनं अप-डाउन करायचा. त्याचे वडील शालिकराम नगरपालिकेत पाणीपुरवठ्यात होते. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत लकवा मारला. त्यांना उठवायला-बसवायला घरात माणूस लागे, म्हणून सुमेधनं पुणे-हैदराबादचं नावच काढलं नाही. संध्याकाळी घरी पोचता येईल अशी संगणकाची नोकरी सौसर-पांढुर्ण्यात ही एकच होती. ती गेली तर दुसरी नाही, हे त्याला ठाऊक होतं, अमिताला ठाऊक होतं, आणि गुणवंताला तर चांगलंच ठाऊक होतं.

आता गुणवंताच्या त्या प्रसिद्ध नियमाबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळी घाण तिथूनच झाली.

शेडमधला प्रोग्रॅम मध्येच कोसळला, की मशीन त्या क्षणाची एक फाइल करून ठेवतं. तिला डम्प म्हणतात. त्यात नुसते आकडे असतात. प्रोग्रॅम कोणाच्या लिहिलेल्या कोणत्या ओळीवर पडला, हे त्या आकड्यांवरून सांगायचं तर आणखी एक फाइल लागते. प्रोग्रॅमची प्रत्येक आवृत्ती तयार होताना तीही तयार होते, आणि तिच्यात कुठल्या आकड्याला कुठलं नाव, कुठली ओळ, हे सगळं असतं. तिला सिम्बॉल फाइल म्हणतात. ती हाती असली, की तपासणारं सॉफ्टवेअर, म्हणजे डीबगर, सरळ ओळीवर बोट ठेवतं.

पुण्याच्या कंपनीत या फाइली सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा सर्व्हरवर असायच्या. एक फाइल येईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. म्हणून तिथं नियम होता, की एकदा आणलेल्या फाइलीची नक्कल आपल्याजवळ एका फोल्डरात ठेवायची आणि पुढच्या वेळेस तीच वाचायची. या फोल्डराला कॅश म्हणत. जिथं माल लांबून येतो तिथं हे शहाणपणाचंच आहे, त्यात वाद नाही.

पण पांढुर्ण्याच्या ऑफिसात सगळ्या फाइली गुणवंताच्याच संगणकात होत्या. त्याच्या टेबलाखालच्या डब्यात, 'डी' म्हणतात त्या कप्प्यात. आणि याचा नियम असा, की डीबगरनं त्या 'डी'मधून फाइल घ्यायची, त्याच डब्यातल्या 'सी' कप्प्यातल्या कॅशमध्ये तिची नक्कल करायची आणि मग ती नक्कल वाचायची. 'डी'मधली मूळ फाइल कोणी थेट उघडायची नाही. भिंतीवर इंग्रजीत तसा कागद चिकटवला होता. विहिरीच्या काठावर बसून टँकरची वाट पाहणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तो या खोलीत खुर्चीवर बसलेला असायचा, गळ्यात ओळखपत्र अडकवून. तीन माणसांच्या ऑफिसात ओळखपत्र.

सुमेध नवीन होता तेव्हा त्यानं एकदा भोळेपणानं विचारलं होतं, "सर, फाइल इथंच हाय ना? मंग तिची नक्कल कायले करून राहिलो आपन?"

अमिता तेव्हा दारात उभी होती. ती हसली. वाईट हेतूनं नव्हे. प्रश्न ऐकून तिलाही तेच वाटलं म्हणून हसली. गुणवंतानं डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, "याची एक प्रोसेस असते." अमिता निघून गेली, सुमेध विसरून गेला. गुणवंता विसरला नाही. एवढ्याशा हसण्याचं ओझं माणूस किती दिवस वागवू शकतो हे पाहायचं असेल, तर गुणवंता खोडे पाहावा. त्या दिवसापासून सुमेध त्याच्या लेखी उद्धट आणि निष्काळजी ठरला. पुढे पोरानं कितीही काम उपसलं, तरी गुणवंतानं तो शिक्का बदलला नाही.

संत्र्याच्या आंबिया बहाराचा ऐन हंगाम होता. बोरगावच्या शेडमध्ये मशीन चालता चालता बंद पडायला लागलं. एकदा, दोनदा, मग रोजच. बाहेर ट्रक उभे, आत क्रेटची थप्पी, मजूर बसून. शेडच्या मालकाचे फोन तृप्तीच्या कानाला लागलेलेच.

"सर," ती गुणवंताला म्हणाली, "बोरगाववाले म्हनून राहिले का मशीन चहाच्या सुट्टीतच बंद पडते."

"मशीन चहा पितं का?" गुणवंता म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर बराच वेळ खूश राहिला. मजुरांचं बोलणं काय ऐकायचं, डम्प मागवा, त्यानं फर्मावलं.

डम्प आला. त्यानं डीबगर लावला. प्रोग्रॅमची ती आवृत्ती नवीन होती, तिची सिम्बॉल फाइल अजून कॅशमध्ये आलेली नव्हती, म्हणून 'डी'तून 'सी'त नक्कल सुरू झाली. फाइल मोठी, डबा जुना. आणि मध्येच लाइन गेली, म्हणजे वीज. पांढुर्ण्यात दुपारी लाइन जाते हे शेंबड्या पोरालाही कळतं. संगणकाला जोडलेली बॅटरी केव्हाची मेली होती, आणि ती बदलायचं काम याच 'सिनियर'कडे पडून होतं. संगणक बंद झाला. लाइन आल्यावर गुणवंतानं तो पुन्हा सुरू केला, डीबगर पुन्हा लावला. कॅशमध्ये त्या नावाची फाइल दिसत होती. ती अर्धीच उतरली होती, पण नाव बरोबर होतं, आणि कॅशची रीतच अशी, की नाव दिसलं की मूळ फाइलीकडे कोणी फिरकत नाही.

अर्धी फाइल डीबगरला वाचता येईना. अशा वेळी तो बिचारा एक काम करतो. प्रोग्रॅमच्या अंगावर बाहेरून दिसणारी जी दोन-चार नावं असतात, त्यांतलं पडलेल्या जागेच्या मागचं सगळ्यांत जवळचं नाव तो सांगतो आणि त्यापुढे आकडा लावतो, की या नावापासून इतकं पुढे. वर इशाऱ्याची एक ओळही देतो, की सिम्बॉल वाचता आले नाहीत, मी अंदाजानं सांगतो आहे.

हे गुणवंताला माहीत नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. हे शिकवायला त्याच्याकडे एक ठरलेली गोष्ट होती, आणि खरं सांगायचं तर गोष्ट चांगली होती. पांढुर्ण्यात कोणाला पत्ता विचारला, तर तो आपल्या ओळखीच्या शेवटच्या घराचं नाव सांगतो, समजा घोडे आडनावाच्या माणसाचं: "घोड्यांच्या घरापासून पुढं जा." पुढं किती, ते तुम्ही पाहून घ्या. एकदा त्या घोड्यांच्या घरापासून बरंच पुढे, नाल्यापाशी, कोणाचा तरी कडब्याचा ढीग पेटला. सांगणाऱ्यानं सांगितलं, "घोड्यांच्या पुढं आग लागली." गावभर झालं, घोड्यांकडे आग लागली. रामाकोन्याहून सोयरे रडत आले. बिचारे घोडे दिवसभर आल्यागेल्याला चहा पाजत सांगत बसले, की आमच्याकडे काही झालं नाही हो. ही गोष्ट सांगून गुणवंता सुमेधला म्हणायचा, "नावापुढे मोठा आकडा दिसला, की समजायचं, नाव घोड्यांचं आणि आग दुसऱ्याची."

आणि आता पडद्यावर नाव आलं, 'काउंटक्रेट'. सुमेधनं लिहिलेला, क्रेट मोजणारा भाग. नावापुढे भलामोठा आकडा होता. वर इशाऱ्याची ओळ होती. गुणवंतानं दोन्हीवरून डोळे फिरवले, जसे आपण ओळखीच्या वर्गणीवाल्यावरून फिरवतो. त्याला जे नाव पाहिजे होतं ते मिळालं होतं. याला अज्ञान म्हणत नाहीत. अज्ञानी माणसाची कीव करता येते.

अमितानं तिघांना समोर बसवलं. "गुनवंताभाऊ, बोरगाववाले मशीन वापस करतो म्हनून राहिले. त्यांनी वापस केली का रामाकोनावाले बी करतीन. मले एकच सांगा, चूक कोनाची हाय?"

"काउंटक्रेट," गुणवंता म्हणाला. सुमेधचं नाव त्यानं घेतलंच नाही. घ्यायची गरजच ठेवली नव्हती.

सुमेध पांढरा पडला. "सर, मी काल बसमध्ये सगळा कोड पाह्यला. त्यात कोसळासारखं काहीच नाही जी. कोन्या लाइनवर पडला, ते तरी दाखवा ना."

"नाव दिसतंय ना स्वच्छ? लाइन कशाला पाहिजे?"

"एकदा 'डी'तून डायरेक्ट लावून पाहू काय सर? एकच वेळा."

अमितानं गुणवंताकडे पाहिलं. त्याच्या एका 'हो'वर सगळं थांबलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण त्यात त्याला ते जुनं हसू ऐकू आलं. "आपली चूक निघाली की लोक प्रोसेसवर बोट ठेवतात," तो अमिताकडे वळून म्हणाला. "पुण्यात अशा पोराला त्याच दिवशी गेटबाहेर काढतात."

बोरगावच्या मालकाची अट होती, की ज्यानं हे केलं तो माणूस आपल्या मशीनजवळ नको. अमिता धंद्याची बाई. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटूनही तिनं तेच केलं, जे वाईट न वाटणाऱ्यानं केलं असतं. महिनाअखेरीला सुमेधची नोकरी सुटली. जाताना तो गुणवंताच्या टेबलापाशी येऊन "येतो सर" म्हणाला. गुणवंतानं पडद्यावरची नजर काढली नाही.

मग त्यानं 'काउंटक्रेट' स्वतः नव्यानं लिहिलं. धड चाललेलं मोडून पुन्हा जसंच्या तसं बांधलं, म्हणा. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बोरगावला गेली. मालकाला फोनवर सांगितलं, "घाण काढून टाकली."

दुसऱ्याच दिवशी चहाच्या सुट्टीत मशीन बंद पडलं.

डम्प आला. आवृत्ती नवी, म्हणून तिची फाइलही नवी. आणि या वेळी लाइन गेली नाही. फाइल 'डी'तून 'सी'त अख्खी उतरली. डीबगरनं या खेपेला अंदाज केला नाही, आकडा लावला नाही. सरळ फंक्शनाचं नाव दिलं आणि ओळ दिली. नाव होतं 'ॲव्हरेजवेट', वजनाची सरासरी काढणारं. ते गुणवंताचं होतं. पट्ट्यावरच्या एकूण वजनाला फळांच्या संख्येनं भागणारी साधी एक ओळ. मजूर चहाला उठले की पट्टा रिकामा व्हायचा, फळांची संख्या शून्य व्हायची, आणि शून्यानं भागायला गेलेला प्रोग्रॅम तिथंच लोळण घ्यायचा. चौथीच्या वर्गात गुरुजी छडी घेऊन शिकवतात ती गोष्ट. पुण्याहून आलेल्या सिनियरनं ती ओळ लिहिली होती, आणि आपली म्हणून ती कधी तपासलीही नव्हती.

तृप्ती डबा खायला खाली गेली होती. गुणवंतानं उठून दार लोटलं. मग त्यानं ते केलं, जे सुमेध हात जोडून मागत होता. जुना डम्प काढला, कॅशचा रस्ता तोडला आणि डीबगरला थेट 'डी'तली मूळ फाइल दाखवली. उघडायला वेळ असा लागलाच नाही. 'ॲव्हरेजवेट'. तीच ओळ. 'काउंटक्रेट'चा कुठं मागमूस नव्हता. त्यानं कॅशमधली तिची नक्कल पाहिली, मूळ फाइलीच्या अर्धीसुद्धा नव्हती. त्यानं ती पुसून टाकली. कॅशचा सगळा फोल्डरच पुसला. पुसताना मात्र दोनदा वळून दाराकडे पाहिलं. तेवढी लाज त्याच्यात होती, आणि तेवढीच होती.

ती ओळ त्यानं दुरुस्त केली. संख्या शून्य असेल तर भागायचं नाही, इतकंच. बोरगावचं मशीन चालायला लागलं ते पुन्हा थांबलं नाही.

घरी जेवताना त्यानं मंगलाला म्हटलं, "समज, एखाद्या कामात भलत्याचंच नाव आलं. आणि नंतर कळलं."

मंगलानं भाकरी ताटात टाकली. "कोनाचं नाव आलं?"

"समज म्हटलं ना."

"समजलं मले. त्या सौसरच्या पोराचं." ती त्याच्याकडे बघत राहिली. "मंग सांगून टाका ना अमिताताईले. उद्याच सांगा. लकव्याचा बाप हाय त्याच्या घरी."

"तितकं सोपं नसतं ते."

"काय कठीन हाय त्याच्यात? तोंड उघडाचं अन् सांगाचं."

गुणवंतानं डोळे मिटले. मंगला उठून आत गेली आणि त्या दिवशी पुन्हा त्याच्याशी बोलली नाही. सकाळीही नाही.

ऑफिसात अमिता पेढे घेऊन आली. बोरगावच्या मालकानं आणखी एक मशीन मागितलं होतं. "भाऊ, सापडलं काय शेवटी?" तिनं विचारलं.

सांगायला याहून बरी वेळ कोणाला मिळते? विचारणारीनं स्वतःहून विचारलेलं, हातात पेढा. गुणवंता म्हणाला, "त्याच्या कोडची घाण आणखी एका ठिकाणी सांडली होती ताई. तीही साफ केली."

"सर, तो साधा होता पन," तृप्ती मध्येच म्हणाली. "आता मशीन चालून राहिली तर बोलावून घ्याचं काय त्याले?"

"कायले?" गुणवंता म्हणाला. एरवी पुण्याची भाषा सोडत नसे. घाबरला की गावची निघायची. तृप्तीनं खांदे उडवले आणि फोन उचलला. अमितानं गुणवंताचा पगार वाढवला.

उन्हाळ्यात सौसरला मंगलाच्या नात्यात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. जेवणं आटोपून मंगला बायकांत बसली आणि गुणवंता बसस्टँडवर गाड्यांची वेळ विचारायला आला. तिथं कोणीतरी मागून हाक मारली, "सर!"

सुमेध होता. वाळला होता. स्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या दुकानात बसायचा, म्हणाला. पोरांचे परीक्षेचे फॉर्म, म्हाताऱ्यांचे पेन्शनचे. गुणवंता "घाई आहे" म्हणून सटकणार होता, पण सुमेधनं धरून चहाच्या टपरीवर नेलं, चहा सांगितला, आलुबोंडा सांगितला. टेबलाच्या दोन बाजूंच्या बाकांवर समोरासमोर बसले.

"बाबा कसे आहेत?" गुणवंतानं विचारलं, कारण काहीतरी विचारायला पाहिजे होतं.

"हायेत तसेच. आता मले ओळखतात कधी कधी." सुमेधनं चहाचा ग्लास फिरवला. "सर, एक विचाराचं होतं. तुम्ही भेटले म्हनून बरं झालं. फोन कराची हिंमत नाही झाली."

"विचार."

"माझं नेमकं काय चुकलं होतं?"

गुणवंतानं आलुबोंड्याचा तुकडा मोडला.

"राग नाही जी सर. पन मी तो कोड मनातल्या मनात कितीदा चालवून पाह्यला. फॉर्म भरता भरता बी तेच. मले सापडूनच नाही राहिलं. अन् सापडत नाही म्हनून मंग भलतंच मनात येते." तो खाली बघून बोलला. "खरं सांगू काय? मले वाटे, का तुम्हीच मुद्दाम माझं नाव लावलं."

आजूबाजूला नागपूरची गाडी लागली म्हणून धावपळ चालली होती. बाकावर तिसरं कोणी नव्हतं. अमिता नव्हती, बोरगावचा मालक नव्हता, पगार नव्हता, मंगलाही ऐकत नव्हती. समोर एक माणूस होता, आणि त्याला एक वाक्य पाहिजे होतं.

गुणवंतानं डोळे मिटले, उघडले आणि समजावायला सुरुवात केली. चांगलं समजावलं. टेबलावर पाण्याचं बोट फिरवून पट्टा काढला, क्रेट काढले. मोजणी चालू असताना दुसरीकडून क्रेट बदललं तर आकडा कसा हवेत लटकतो, तो अनुभवी माणसालाच कसा दिसतो, नवख्याला कसा दिसत नाही, हे एकेक पायरी करून सांगितलं. त्यात कुठं अडखळला नाही. पुण्यात तो असंच शिकवायचा, आणि लोक त्याची तारीफ करायचे. त्या कोडमध्ये यातलं काहीही नव्हतं.

सुमेध ऐकत होता. मध्ये दोनदा त्यानं प्रश्न विचारले. नीट प्रश्न होते. हळूहळू त्याचा चेहरा मोकळा झाला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं.

"असं होतं म्हना ते," तो म्हणाला. "मीच चुकलो. अन् मी तुमच्यावर शक घेत होतो इतके दिवस." त्यानं हात जोडले. "माफ करा जी सर."

"होतं असं," गुणवंता म्हणाला. "शिकत राहायचं."

चहाचे पैसे सुमेधनं दिले, गुणवंताला देऊच दिले नाहीत. मग उठता उठता म्हणाला, "सोमवारी नागपूरले इंटरव्ह्यू हाय माझा. असंच काम हाय, अन् हप्त्यातून दोनच दिवस जाचं, म्हनून अप-डाउन जमते. आधीची नोकरी काहून सुटली, हे विचारतीनच ते. आतापर्यंत मले सांगताच नव्हतं येत. जाऊन नुसता गप्प बसलो असतो. आता तुम्ही सांगितलं तसं सांगतो, का बापा माझ्या हातून ही चूक झाली होती. खरंच सांगावं ना सर?"

पांढुर्ण्याची गाडी लागली होती, आणि मंगलाही स्टँडवर येऊन लांबून हात करत होती. त्यानं सुमेधच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो," तो म्हणाला, "खरंच सांगजो."